तुटक रेघ १.९ वर : एका पीएचडी गणनेचं प्रकरण

पहिल्या वर्षाच्या आढाव्यात एका पीएचडी विद्यार्थिनीने जो आलेख दाखवला त्यात एक आडवी तुटक रेघ होती, १.९ इलेक्ट्रॉन व्होल्टवर (ईव्ही). मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर सोलून काढला की तो प्रकाशात चमकायला लागतो आणि त्या चमकेचं शिखर साधारण तिथे येतं, हे २०१० साली दोन वेगवेगळ्या गटांनी प्रयोगातून दाखवलं होतं. तिच्या गणनेतून आलेला बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या भरलेल्या आणि रिकाम्या ऊर्जापातळ्यांमधली दरी, होता १.८५च्या आसपास. बिंदू रेघेला जवळजवळ टेकलेला. खोलीत सगळे खूश.

प्रबंधाचा मूळ प्रश्न वेगळाच होता. हा थर दुसऱ्या एखाद्या पदार्थाला खेटून ठेवला, म्हणजे खाली बोरॉन नायट्राइड किंवा ग्राफीन असलं, तर त्याचा गॅप किती बदलतो? त्यासाठी आधी एकट्या, अधांतरी थराचा गॅप पक्का हवा. तो झाला, आता शेजारी आणा, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी तिच्या वहीत लिहूनही टाकलं.

बाहेरून आलेले परीक्षक तोवर गप्प होते. त्यांनी एवढंच विचारलं, "याच पद्धतीने सिलिकॉनचा गॅप किती येतो?"

"अर्धा येतो, सर." प्रयोगात १.१७, या पद्धतीने जेमतेम ०.५.

"मग इथेच ही पद्धत एवढी शहाणी कशी झाली?"

मी तेव्हा त्याच गटात पोस्टडॉक होतो. पुढचं वर्ष-सव्वा वर्ष आम्ही दोघं त्या एका प्रश्नावर बसलो. तिची परवानगी घेऊन, नावगाव वगळून, ते प्रकरण इथे मांडतोय. कारण यात तिने ठळक म्हणावी अशी चूक एकही केली नव्हती. प्रत्येक टप्प्यावर उत्तर बरोबर येत होतं, आणि अडचण तीच होती.

पहिला योगायोग

तिने वापरली होती घनता फलन सिद्धांताची, म्हणजे डीएफटीची, सगळ्यात जुनी आवृत्ती : एलडीए. १९६४-६५ मध्ये होहेनबर्ग, कोन आणि शॅम यांनी मांडलेला हा सिद्धांत मुळात इलेक्ट्रॉनांच्या भूस्थितीचा आहे. एकूण ऊर्जा किती, अणू कुठे बसतात, हे तो सांगतो. गणनेत वाटेवर ज्या ऊर्जापातळ्या मिळतात त्यांतल्या फरकाला गॅप म्हणणं ही आपली सवय; सिद्धांताने तसं वचन कधी दिलेलं नाही. सिलिकॉनमध्ये ते अंगाशी येतं म्हणून लगेच कळतं.

मग इथे का आलं नाही अंगाशी? आम्ही तिच्या फाइली उघडल्या. एलडीए बंध जरा आखूड करतं. प्रयोगातला जालक-स्थिरांक, म्हणजे अणूंची नक्षी किती अंतराने पुन्हा येते ते, ३.१६ अँगस्ट्रॉम, तिच्या शिथिल केलेल्या (अणूंना गणनेनुसार जागा घेऊ दिलेल्या) रचनेत ३.१२. फरक फार तर सव्वा टक्का. पण हा पदार्थ ताणाच्या बाबतीत हळवा आहे. चहूबाजूंनी एक टक्का दाबला तरी गॅप दशांश ईव्हीच्या घरात वर सरकतो. शिवाय स्पिन-ऑर्बिट परिणाम, म्हणजे इलेक्ट्रॉनाची फिरकी आणि त्याची गती यांचा संबंध, धरलेला नव्हता. तो धरला की के बिंदूवरचा, म्हणजे जिथे गॅप सगळ्यात अरुंद असतो तिथला, व्हॅलन्स (भरलेला) बँड सुमारे ०.१५ ईव्हीने दुभंगतो आणि वरची फांदी गॅप आणखी थोडा खाते. प्रयोगातला जालक-स्थिरांक आणि स्पिन-ऑर्बिट घालून तीच गणना केली तर बिंदू रेघेपासून चांगलाच खाली घसरला.

खरी गोम मात्र रेघेतच होती. चमकेचं शिखर म्हणजे बँड गॅप नव्हे. प्रकाशाने इलेक्ट्रॉन वर उचलला की मागे राहिलेल्या धन रिक्त जागेशी, म्हणजे होलशी, तो बांधलेला राहतो. ही जोडी म्हणजे एक्सायटॉन. चमक सांगते ती जोडीची ऊर्जा. गॅप म्हणजे दोघांना एकमेकांपासून पार दूर नेण्याचा खर्च. गॅलियम आर्सेनाइडसारख्या नेहमीच्या अर्धवाहकात या दोहोंमधलं अंतर ४ मिली-ईव्हीच्या आसपास, खोलीच्या तापमानाची ऊर्जा २५, त्यामुळे तिथे कोणी हा भेद मनावर घेत नाही. एका थरात तो शेकडो मिली-ईव्हीचा होतो. टंगस्टन डायसल्फाइडच्या थरात २०१४ साली प्रयोगातून मोजला गेला तो ०.३२ ईव्ही, तोही थर काचेसारख्या सिलिकॉन डायऑक्साइडवर बसलेला असताना.

म्हणजे रेघ एका गोष्टीची आणि बिंदू दुसऱ्याच गोष्टीचा. दोन्ही जवळ आले ते चुका एकमेकींना खाऊन बसल्या म्हणून.

दुसरा योगायोग, जो जास्त महाग पडला

यावरचा इलाज माहीत होता. लार्स हेडिन यांनी १९६५ मध्ये मांडलेली जीडब्ल्यू पद्धत खरा गॅप देते, आणि तिच्यावर बेथे-सालपीटर समीकरण, म्हणजे बीएसई, सोडवलं की एक्सायटॉन मिळतो. फक्त खर्च फार. डीएफटीची गणना दुपारच्या आत होते. ही करायची तर क्लस्टरवर दिवसेंदिवस रांगेत थांबावं लागतं.

तिने मांडणी केली ती अशी : संगणकाला सगळं आवर्ती लागतं, म्हणून थर एका उंच पेटीत ठेवायचा आणि त्याच पेट्या वर-खाली अनंत रचायच्या. पेटीची उंची २० अँगस्ट्रॉम, बहुतेक पोकळी. इलेक्ट्रॉनांचे तरंगसदिश (तरंगाची दिशा आणि दाटी सांगणारे आकडे) ज्या जाळीवर घ्यायचे ती के-ग्रिड १२×१२. रिकामे बँड धरून एकूण २००. मॉलिब्डेनमचे ४एस आणि ४पी या आतल्या कवचांतले इलेक्ट्रॉनही तिने गाभ्यात न गाडता मोकळे ठेवले होते, जे या पदार्थात आवश्यकच आहे. जीडब्ल्यू गॅप आला अडीचच्या आसपास. त्यावर बीएसई सोडवलं, तर पहिलं शिखर १.९ आणि २च्या मध्ये.

रात्री मला तिचा मेसेज : "बसलं रेघेवर!"

या वेळी तर पद्धतही योग्य होती. सरांनी लेखाचा मसुदा सुरू करायला सांगितलं. परीक्षकांची कटकट नको म्हणून तिने एक कन्व्हर्जन्सचा, म्हणजे सेटिंग वाढवत गेल्यावर आकडा कुठे स्थिरावतो याचा, तक्ता करायला घेतला : पेटीची उंची २०, २५, ३०, ३५, ४०. डीएफटीत पंधराच्या पुढे काहीच हलत नाही, तेव्हा इथेही दोन ओळींत आकडे थांबतील, ही अपेक्षा.

आकडे थांबेनात. उंची वाढेल तसा गॅप वाढत होता. उंचीच्या व्यस्तासमोर आलेख काढला तर चक्क सरळ रेषा, आणि ती अनंत उंचीला कुठेतरी बरीच वर जाऊन टेकत होती. तिने तेवढंच करायचं ठरवलं : रेषा लांबवायची आणि छेद वाचायचा. करतात लोक तसं.

मी तिला थांबवलं ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या कारणाने. इनपुट फाइलमध्ये पाचही ठिकाणी बँडची संख्या २००च होती.

हा सापळा नीट सांगण्यासारखा आहे, कारण तो सूचनापुस्तिकेत सापडत नाही. पेटी मोठी केली की पोकळीत मावणाऱ्या रिकाम्या स्थिती त्याच प्रमाणात वाढतात. २० अँगस्ट्रॉमच्या पेटीत २०० बँड ज्या ऊर्जेपर्यंत पोचतात, ४०च्या पेटीत तिथवर पोचायला सुमारे दुप्पट लागतात. तिने एकच गोष्ट बदलतेय असं समजून दोन बदलल्या होत्या : पोकळीही आणि रिकाम्या स्थितींची कमाल ऊर्जाही. त्या देखण्या सरळ रेषेचा उतार किती पोकळीचा आणि किती अपुऱ्या बँडचा, हे सांगायची सोयच उरली नव्हती. रेषा सरळ आहे म्हणजे ती एकाच कारणाची असते असं थोडंच आहे.

याच जातीची एक गाजलेली गोष्ट झिंक ऑक्साइडची. बरीच वर्षं जीडब्ल्यूतून त्याचा गॅप प्रयोगातल्या ३.४ ईव्हीपेक्षा कितीतरी कमी यायचा, आणि दोष पद्धतीवर जायचा. २०१० मध्ये दाखवलं गेलं की पद्धत ठीकच आहे. डायइलेक्ट्रिक मॅट्रिक्सची (इलेक्ट्रॉन एकमेकांचा प्रभाव किती झाकतात त्याच्या तक्त्याची) मर्यादा, म्हणजे कटऑफ, कमी ठेवला की बँडची बेरीज लवकर स्थिरावल्याचा भास होतो, एवढंच. एक मर्यादा दुसरीची उणीव झाकते. तिने तो निबंध वाचून टिपणही काढलेलं होतं. पण झिंक ऑक्साइड हा घन पदार्थ, आपला थर, असा कप्पा मनात पडलेला.

तीन आठवड्यांचे जॉब टाकून दिले. त्यानंतर आमच्या गटात बँडची संख्या लिहायची बंद झाली. तक्त्यात रकाना असतो तो "कमाल ऊर्जा किती" याचा, संख्या त्यावरून स्क्रिप्ट काढते.

शेजारी कोण बसलंय?

बँड नीट केल्यावरही गॅप उंचीबरोबर वाढत होताच, आता स्वच्छपणे. का वाढतो हे कळलं तेव्हा तिच्या सगळ्या प्रबंधाचं चित्र बदललं.

इलेक्ट्रॉन आणि होल यांच्यातलं आकर्षण मधल्या इतर इलेक्ट्रॉनांच्या हालचालीमुळे फिकं पडतं. त्याला स्क्रीनिंग म्हणायचं. घन पदार्थात बलरेषा सगळ्या पदार्थातूनच जातात, म्हणून लांब अंतरावर एक ठरावीक डायइलेक्ट्रिक स्थिरांक मिळतो, सिलिकॉनला बाराच्या जवळपास. थरात तसं नाही. दोन प्रभार दूर गेले की त्यांच्यामधल्या बहुतेक बलरेषा थर सोडून पोकळीतून जातात, आणि पोकळीत फिकं करायला कोणी नाही. रितोवा यांनी १९६७ मध्ये आणि केल्डिश यांनी १९७९ मध्ये पातळ पापुद्र्यांसाठी हे मांडून ठेवलं होतं, ग्राफीन वेगळं काढण्याच्या कितीतरी आधी. जवळच्या अंतरावर स्क्रीनिंग भरपूर, लांबवर शून्य. मधला सांधा मॉलिब्डेनम डायसल्फाइडसाठी साधारण ४० अँगस्ट्रॉमवर.

आता ती पेट्यांची अनंत चळत आठवा. २० अँगस्ट्रॉमवर याच थराची पुढची प्रत, तिच्यावर आणखी एक. पोकळीत निघालेल्या बलरेषा या प्रतींमध्ये शिरतात, त्या प्रती स्क्रीनिंग करतात, आणि गॅप आक्रसतो. तिला शोधायचं होतं की शेजारी पदार्थ ठेवल्यावर गॅप किती कमी होतो, आणि ज्याला ती "एकटा थर" समजून पाया धरत होती त्याला वर-खाली अनंत शेजारी आधीच होते. मोजपट्टीच मोजायच्या वस्तूची बनलेली.

जाता जाता एक कबुली तिच्या वतीने. पहिल्या वर्षाच्या अहवालात तिने या थराचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक दोन दशांश स्थळांपर्यंत दिला होता. पेटी उंच करत गेलं की तो आकडा १ या मूल्याकडे सरकत जातो. तो आकडा पदार्थाचा नव्हताच, तिने किती पोकळी घातली होती त्याचं ते माप होतं. असे आकडे छापील लेखांतही भेटतात. मी हल्ली ते वाचताना पेटीची उंची आधी शोधतो.

उपाय २००६पासून उपलब्ध होता : कूलॉम बल (प्रभारांमधलं आकर्षण-प्रतिकर्षण) उभ्या दिशेने ठरावीक अंतरावर छाटायचं, म्हणजे वरची प्रत खालचीला दिसणारच नाही. या गणनांचं सॉफ्टवेअर बर्कलीजीडब्ल्यू असो किंवा याम्बो, इनपुटमध्ये एक-दोन ओळींचं काम. तिने ती ओळ घातली, १२×१२ ग्रिडवर जॉब सोडला, आणि गॅप उसळून तीन ईव्हीच्या जवळ गेला.

प्रकरणातली सगळ्यात नाजूक जागा हीच. बैठकीत सरांसकट सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया एकच : छाटणी लावल्यामुळे बिघडलं, काढून टाका. आधी बरोबर येत होतं ना? आणि ती तुटक रेघ तिथेच होती, बीएसईचं शिखरही तिला सोडून वर गेलेलं. मीही क्षणभर तेच म्हणालो, हे लपवण्यात अर्थ नाही. तीच म्हणाली की छाटणी काढायचं कारण फक्त रेघ असेल, तर मग गणना कशाला करायची, रेघच छापू या.

मग ती ग्रिडकडे वळली. थराचं स्क्रीनिंग लांब अंतरावर शून्य होतं, याचाच अर्थ लहान तरंगसदिशांपाशी ते फार वेगाने बदलतं. १२×१२ ग्रिडमध्ये त्या टोकाला एकच बिंदू, आणि तो नेमका जिथे स्क्रीनिंग शून्य तिथला. त्या एका बिंदूचं मूल्य आजूबाजूच्या भल्या मोठ्या तुकड्याला चिकटतं, गणनेला वाटतं की स्क्रीनिंग आहे त्याहून कमी आहे, आणि गॅप फुगतो. १८×१८ केलं, गॅप उतरला. २४×२४, आणखी उतरला.

म्हणजे तिच्या पहिल्या जीडब्ल्यू गणनेत दोन चुका होत्या. वर-खालच्या प्रती गॅप दाबत होत्या, विरळ ग्रिड तो फुगवत होती, आणि २० अँगस्ट्रॉम व १२×१२ या जोडीवर दोन्ही जवळपास फिटत होत्या. हे नेमकं याच पदार्थासाठी २०१३ मध्ये फिजिकल रिव्ह्यूमध्ये छापून आलेलं होतं : छाटणी लावल्यावर गॅप ०.१ ईव्हीच्या आत आणायला ४५×४५ ग्रिड लागते, आणि आधीच्या प्रसिद्ध निकालांत या दोन चुका योगायोगाने एकमेकींना खात होत्या. तो निबंध आम्ही दोघांनीही वाचलेला. वाचताना तो इतरांच्या चुकांबद्दल आहे असं वाटलं होतं.

४५×४५ आमच्या क्लस्टरवर परवडणारं नव्हतं. ग्रिड दोन्ही दिशांनी दुप्पट केली की तरंगसदिशांच्या जोड्या सोळापट होतात. २०१७ मध्ये आलेली एक युक्ती कामी आली : सगळी ग्रिड दाट न करता फक्त शून्याजवळच्या त्या एका तुकड्यात काही जास्तीचे बिंदू पेरायचे, कारण वेगाने बदलणारं सगळं तिथेच आहे. दोन्ही वाटांनी एका लहान ग्रिडवर पडताळून मग ती पुढे वापरली. गॅप अडीच आणि पावणेतीनच्या मध्ये स्थिरावला, आणि पेटीची उंची बदलली तरी हलेना.

शेजारी आणताना

यानंतरचं काम त्या मानाने सरळ गेलं, एक पेच सोडून. मॉलिब्डेनम डायसल्फाइडखाली ग्राफीन ठेवायचं तर दोघांचे जालक जुळत नाहीत. चार पेशी (जालकातले पुन्हापुन्हा येणारे तुकडे) इकडच्या १२.६४ अँगस्ट्रॉम, पाच पेशी ग्राफीनच्या १२.३०. संगणकाला एकच पेटी हवी, म्हणजे कोणाला तरी जवळजवळ पावणेतीन टक्के ताणावं किंवा दाबावं लागणार. आधीच्या एका विद्यार्थ्याची स्क्रिप्ट हा फरक दोघांत निम्मा-निम्मा वाटून टाकायची. दिसायला न्याय्य. पण या थराचा गॅप एका टक्क्याला दशांश ईव्ही सरकतो, गॅप प्रत्यक्ष राहील की अप्रत्यक्ष (इलेक्ट्रॉनाला वर जाताना तरंगसदिशही बदलावा लागतो तो) हेही ताणावर ठरतं. तिने सगळा भार ग्राफीनवर टाकला. ज्याचं मोजायचं त्याला हात लावायचा नाही; ग्राफीनकडून आपल्याला फक्त त्याचं स्क्रीनिंग हवं, ते इतक्या ताणाने किती बदलतं हे तिने वेगळं तपासून तक्त्यात दिलं.

निकालात जीडब्ल्यू गॅप ग्राफीनमुळे चांगलाच खाली आला, बोरॉन नायट्राइडमुळे कमी. आणि बीएसईचं पहिलं शिखर? ते जेमतेम हललं. शेजाऱ्याचं स्क्रीनिंग गॅप कमी करतं, तसंच इलेक्ट्रॉन आणि होल यांच्यातलं आकर्षणही कमी करतं, आणि चमक या दोहोंची वजाबाकी. तिसरा योगायोग म्हणायचा तर हा, फरक इतकाच की हा निसर्गातलाच आहे. म्हणूनच चमकेच्या शिखराशी जुळवून गणनेची परीक्षा घेणं या पदार्थात इतकं फसवं ठरतं : स्क्रीनिंग किती का चुकेना, शिखर बरंचसं जागेवर राहतं. खरी परीक्षा घ्यायची तर दोन्ही वेगवेगळं मोजलेलं हवं. तसं मापन मॉलिब्डेनम डायसेलेनाइडचं होतं, २०१४चं, दुपदरी ग्राफीनवर : टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने गॅप २.१८ ईव्ही, आणि चमकेशी तुलना करून एक्सायटॉनची बंधन-ऊर्जा ०.५५. तिने आपली सगळी मांडणी, एकही सेटिंग न बदलता, त्या पदार्थावर चालवून पाहिली. एक अख्खं प्रकरण त्यावर आहे.

उणिवा आहेत. अणू गोठवलेले धरलेत. त्यांच्या कंपनांमुळे शून्य तापमानालाही गॅप काही दहा मिली-ईव्हींनी खाली येतो, तो हिशेब यात नाही आणि प्रबंधात तसं लिहिलेलं आहे. सल्फरच्या जागा रिकाम्या असलेल्या नमुन्यांबद्दल ही गणना काहीच बोलत नाही.

तुटक रेघेवरून मात्र शेवटपर्यंत वाद चालला. मधल्या सहा-सात महिन्यांत ती रेघ कोणत्याही आलेखावर काढायची नाही असं तिने स्वतःवर घालून घेतलं होतं. प्रयोगाचा आकडा माहीत असला की हात नकळत तिथेच थांबतो, असं तिचं म्हणणं. सरांना ती वाचकांच्या सोयीसाठी परत हवी होती. अखेर प्रबंधात रेघा दोन आल्या, चमकेची एक आणि टनेलिंगची एक, प्रत्येकीखाली नमुना कशावर बसवला होता आणि कोणत्या तापमानाला, हे लिहिलेलं. पहिल्या वर्षाचा १.८५चा बिंदू परिशिष्टात आहे, जालक-स्थिरांकासकट.

व्हायवाला परीक्षक तेच होते. त्यांनी परिशिष्टाचं ते पान उघडलं, तक्त्यावर बोट फिरवलं आणि ४० अँगस्ट्रॉमच्या ओळीपाशी थांबून विचारलं, "इथे बँड किती घेतलेत?"

"संख्या दिलेली नाही, सर," ती म्हणाली. "शेजारच्या रकान्यात कमाल ऊर्जा आहे."

त्यांनी पान उलटलं.